नखाखालची जिव्हाळी

माझी बायको दुपारची आडवी झाली की तिला लगेच झोप लागायची, पण तिचा उजवा हात जागाच राहायचा. कोपर उशीवर टेकलेलं, मनगट सैल, आणि करंगळीच्या शेजारचं बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं होऊन वर उभं. आमच्या घरामागे सुरूची रांग आहे आणि तिच्यामागे समुद्र. तिसऱ्या प्रहरी वारा वळला की सुरूंचा आवाज कुठे संपतो आणि पाण्याचा कुठे लागतो ते कळत नाही. त्या आवाजात वर्तमानपत्र छातीवर घेऊन मलाही गुंगी यायची, आणि मिटत्या डोळ्यांनी मी ते बोट बघत राहायचो. कधी वाटायचं, झोपेत ती कुणाला तरी थांब म्हणते आहे. कधी वाटायचं, वारा कुठून येतो ते बघते आहे. मला ते फार आवडायचं. त्या बोटात त्या वेळी काय चाललेलं असायचं याची मला कल्पना नव्हती.

बोट आता बरं झालंय, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. मला घोर होता तो वेगळा. दुखतंय असं सांगायला ती एकदा माझ्याकडे आली होती आणि मी हसलो होतो. त्यानंतर तिनं सांगणंच सोडलं, बोटाचंही आणि बाकीचंही. ती मला पुन्हा कधी काही दुखतं म्हणून सांगेल का, हे मला कितीतरी महिने ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणून मी काय काय केलं ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते आणि हसूही येतं.

मी वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात मराठी शिकवतो. मराठीच्या मास्तरांना एक रोग असतो. समोरचा माणूस काय सांगतोय याच्याआधी तो कोणता शब्द वापरतोय ते त्यांना ऐकू येतं. शब्दाला शब्द चिकटवून कोटी केली की त्यांना काहीतरी काम केल्यासारखं वाटतं. माझा हा रोग तर जुनाट. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

ती सांगायला आली ती थंडीतली सकाळ होती. आमच्याकडची थंडी म्हणजे घाटावरची माणसं हसतील, पण त्या दिवशी धुकं विहिरीच्या कठड्यावर येऊन बसलं होतं आणि माडांचे शेंडे तेवढे वर तरंगत होते. मी पडवीत सहामाहीचे पेपर तपासत होतो. ती भांडी घासता घासता उठून आली, ओले हात पुढे धरून.

"ह्या नखात कायतरी ठणाकता हो," ती म्हणाली. "पाणी लागला की कळ थेट खांद्यापर्यंत जाता."

मी बोट बघितलं. नख चांगलं गुलाबी होतं. सूज नाही, पू नाही, चिरलेलं नाही, काळंनिळं नाही. मी लाल पेन कानावर ठेवला आणि म्हणालो, "अगो, नखात दुसरा काय असतला? नखात नखरेच असतले!"

नखरा हा शब्द फारसीतून आला आणि नख हे संस्कृतातलं, त्या दोघांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझी कोटी मला इतकी आवडली की त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी ती सांगितली, आणि नंतर एका लग्नात तिच्या माहेरच्या माणसांसमोरही सांगितली. तेव्हा ती कपबशी धरून उभी होती आणि ते बोट कपापासून दूर, वर उभं. "बघा, आमच्या घरात मडम आसा," मी म्हणालो. सगळे हसले. तीही हसली. तिच्या त्या हसण्याचा पुरावा मी पुढे स्वतःच्या बाजूनं पुष्कळ दिवस वापरला.

त्यानंतर ती मला त्या बोटाबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, बरं झालं असेल. खरं तर वाटलं असंही नाही, मी विसरूनच गेलो.

त्या वर्षांकडे आता वळून बघतो तेव्हा मला ती सतत धुक्यातून चालताना दिसते, आणि धुकं माझंच. ती भांड्यांना ऊन पाणी घ्यायची. फ्रीजमधलं दूध मला काढायला लावायची, "तेवढा दूध काढून देवा" म्हणायची, आणि मी आळशीपणावर एखादं वाक्य टाकून काढून द्यायचो. भाताच्या टोपावरचं झाकण तापलं की त्यावर बोट टेकवून चुलीपाशी उगाच उभी राहायची. पीठ मळताना चारच बोटं. कधी हात काखेत घालून दारात उभी असायची, समुद्राकडे बघत. मी विचारलं की काय बघतेस, तर म्हणायची, "होडयो इल्यो की काय बघतंय." मी या सगळ्या तिच्या लकबी समजून चाललो होतो. मला त्या पाठ होत्या. बायकोला आपण किती ओळखतो याचा मला अभिमानही होता.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ती कपाटाचा खण लावत होती आणि बोट कडेला लागलं. लागलं म्हणजे नुसतं टेकलं. ती जागच्या जागी खाली बसली. मी चष्मा लावून पहिल्यांदाच ते नख नीट पाहिलं. नखावर मुळापासून टोकापर्यंत एक उभी रेघ उठली होती, टोकाशी ते किंचित फाटलं होतं, आणि मुळाजवळच्या पांढऱ्या चंद्रकोरीपाशी आतून निळसर छटा दिसत होती. बोरूची शाई कागदाच्या मागच्या बाजूला उमटावी तेवढीच.

"नखुरडा झाला," मी म्हणालो. मला आनंदच झाला, कारण नखुरड्यावरचा उपाय मला येत होता. माझी आई करायची. लिंबाचं डोकं कापायचं, आत थोडं मीठ आणि हळद भरायची आणि ते लिंबू टोपीसारखं बोटावर बसवायचं. आमच्या गावात प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी बोटावर लिंबू घालून मिरवलेलं आहे. फक्त आई ते लिंबू आधी निखाऱ्यावर ऊन करून घ्यायची, एवढं मी विसरलो. मी ते फ्रीजमधून काढलं, भरलं, तिचं मनगट धरलं आणि बोट आत ढकललं.

ती ओरडली नाही. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला आणि ती भिंतीला टेकून बसली. लिंबू घरंगळत देवघराच्या उंबऱ्यापाशी गेलं. माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं. "भूतसुदां लिंबाक एवढा..." इथपर्यंत मी बोललो आणि तिचा चेहरा बघितला. त्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. ते वाक्य मी पुरं केलं नाही. पण अर्धं तरी तिनं ऐकलंच.

थोड्या वेळानं ती उठली. लिंबू उचललं, वरून धुतलं, आणि दुपारी बांगड्याच्या तुकड्यांना तेच चोळलं, मीठहळद भरलेली होतीच म्हणून. जेवताना मी विचारलं, "खूप दुखता?" ती म्हणाली, "नाय. आता कायव नाय."

मग आम्ही डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू केल्या. गावातल्या डॉक्टरांनी नखुरडंच म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. तालुक्याला हाताचा फोटो काढला, हाडं ठणठणीत. एकानं सांगितलं, हे मानेतून येतंय. दुसऱ्यानं तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं आणि घरात काही ताणतणाव आहे का विचारलं. "असं काही नसताना दुखतं का कुठे?" तो म्हणाला. मी मान डोलावली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे शाळेत मी दरवर्षी समजावून सांगतो, आणि तिथे खुर्चीवर बसून मी मान डोलावली.

मे महिन्याच्या सुट्टीत कुडाळला एक त्वचेची डॉक्टरीण आठवड्यातून एकदा येते असं कळलं. तिथे गेलो. मुलगीच होती, आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. बोलणं घाटावरचं. तिनं बोट हातात घेतलं तेही हात आधी एकमेकांवर चोळून, गरम करून. ते मी बघितलं.

"नेमकं कुठे दुखतं?" तिनं विचारलं.

"जिवाळीत," माझी बायको म्हणाली.

डॉक्टरणीला ते कळलं नाही. "जिव्हाळ्याचं? म्हणजे?"

मला राहवेना. मी पुढे सरकलो. "जिव्हाळी, मॅडम. नख खूप खोल कापलं की लागतो तो नखाखालचा जिवंत भाग. त्यावरूनच जिव्हाळा हा शब्द, आणि जिव्हारी लागणे हा वाक्प्रचारसुद्धा याच घरातला. मुलांना मी नेहमी..."

"सर," ती शांतपणे म्हणाली, "मला यांच्याकडून ऐकायचंय."

जिव्हारी लागणे हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलंय त्याला गणती नाही. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं लिहितात, मित्राचे बोलणे माझ्या जिव्हारी लागले. मी पूर्ण गुण देतो. मी खुर्ची मागे घेतली.

डॉक्टरणीनं एक टाचणी घेतली आणि तिच्या गोल डोक्यानं नखावर हळूहळू दाबत गेली. इथे? नाही. इथे? नाही. इथे? नाही. चंद्रकोरीपाशी आली आणि माझी बायको खुर्चीवरून अर्धी उठली. मग डॉक्टरणीनं रक्तदाब मोजायचा पट्टा तिच्या दंडाला बांधला आणि हवा भरायला लागली. फुस्स फुस्स आवाज, छताच्या पंख्याचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी रिक्षाचा. हात पांढरा पडत गेला. डॉक्टरणीनं टाचणीचं डोकं पुन्हा त्याच जागी टेकवलं.

"दाबताय?" बायकोनं विचारलं.

"दाबतेय. जोरात."

तिनं मान वळवून स्वतःच्या बोटाकडे बघितलं. लहान मुलाला कुणी प्रथमच शंख कानाला लावून द्यावा तसा तिचा चेहरा झाला. "आता नाही दुखत," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, जराही आवाज न करता. मग डॉक्टरणीनं हवा सोडली आणि दुखणं परत आलं, ते तिच्या खांद्यावरून मला कळलं. एरवी दवाखान्यात ती शुद्ध मराठी बोलते, पण तेव्हा तिच्या तोंडून घरचंच आलं. "वाईच परत भरा गो हवा," ती म्हणाली.

डॉक्टरणीनं परत भरली. तेवढ्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे.

मग तिनं समजावलं. बोटाच्या टोकाशी, नखाखाली, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात, थंडी आणि ऊब सांभाळायला. त्यातला एखादा उगाचच वाढतो. ग्लोमस ट्यूमर म्हणतात. ट्यूमर शब्दानं मी खुर्ची पुन्हा पुढे ओढली, पण ती म्हणाली, कॅन्सर नाही हा, साधी गाठ आहे, मसुरीएवढीसुद्धा नसेल. जिवाला धोका नाही. पण नख वरून दाबतं, हाड खालून, मध्ये ती अडकलेली, आणि गार लागलं की कळ उठते. कोल्हापूरला हाताचे सर्जन आहेत, ते काढतील. एमआरआय करून घ्या. मग कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "कधीपासून आहे?"

"दोन-तीन वर्षं असेल," मी म्हणालो.

"अकरा," माझी बायको म्हणाली.

परत येताना गाडीत मी मनात आकडेमोड करत होतो. अकरा कशी असतील? बायका डॉक्टरांपुढे वाढवून सांगतात. फार तर चार. म्हणजे बघा, गाठ आहे असं डॉक्टर सांगत होती, डोळ्यांदेखत टाचणी लावली, तरी वर्षांवरून माझा विश्वास बसत नव्हता. माणूस इतका हट्टी का असतो हे मला अजून कळलेलं नाही.

तो हट्ट मोडला तिच्या नर्सरीत. माझी बायको वेंगुर्ल्याजवळच्या एका खासगी नर्सरीत काजूची कलमं बांधते. वीसेक वर्षं झाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायचो, आत कधी गेलो नव्हतो. ऑपरेशनची तारीख जुलैतली मिळाली, ऐन कलमांच्या दिवसांतली, आणि तिच्या रजेचा अर्ज द्यायला तिनं मला पाठवलं.

हिरव्या जाळीच्या मांडवाखाली गेलो. बाहेर पाऊस होता, आत जाळीतून गाळून येणारा उजेड, पाण्याखाली असतो तसा. पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये पाटांवर सहा-सात बायका बसलेल्या. रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायची. हात फिरत होते. मी बघत उभा राहिलो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला झोप लागली आहे. प्रत्येकीच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वर होतं. एकूण एक. पट्टी फिरायची, चार बोटं खाली नाचायची आणि ते एक बोट वर, वेगळं, उभं. त्या हिरव्या उजेडात सहा-सात जणी, आणि सगळ्यांचा हात माझ्या बायकोचा.

जवळच्या बाईला मी विचारलं, "ता बोट वर कित्याक?"

"वैनीन असाच शिकवल्यान," ती मान वर न करता म्हणाली. "ता बोट लागला तर कलम धरणा नाय."

"तू कदीपासना हंय?"

"माझो झील आता पाचवीत आसा. मी इलंय तेव्हा तो पोटात होतो."

म्हणजे तेव्हाही ते बोट वरच होतं. हिला शिकवताना माझी बायको दुखरं बोट वाचवून बांधत होती, हिनं ते कौशल्य म्हणून उचललं, हिच्याकडून दुसरीनं, तिच्याकडून तिसरीनं. एवढ्या बायका दहा वर्षं एका दुखण्याची नक्कल करत होत्या, आणि कलमं धरत होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मी अर्ज दिला आणि बाहेर येऊन पावसात उभा राहिलो. छत्री उघडायचं सुचलं नाही.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तू तेंका खरा कित्याक सांगलंस नाय?"

ती कुळीथ निवडत होती. "खरा सांगलंय आसतंय तर थंयव हसले आसते," ती म्हणाली. "एका घरात हसलेला पुरे झाला."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. अकरा वर्षांपूर्वीची ती सकाळ, धुकं, ओले हात, लाल पेन, सगळं मला एकदम स्पष्ट दिसलं, आणि मी आत जाऊन पांघरूण घेऊन पडलो. ताप आल्यासारखं खोटंच सांगितलं. तिनं मात्र लगेच कपाळाला हात लावून बघितला आणि सुंठीचा काढा करून आणला. तो मी मुकाट्यानं प्यालो.

जुलैत कोल्हापूरला गेलो. फोंडाघाटाला चहा घेतला आणि गाडी चढणीला लागली तसे ढग रस्त्यावर आले. पुढचं वळण दिसेना. कुठून तरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, दिसत मात्र नव्हतं. तिनं बोटावर लोकरीचा तान्ह्या मुलाचा मोजा चढवला होता आणि हात मांडीवर ठेवून ती काचेबाहेरच्या पांढऱ्यात बघत होती.

"एक इचारू?" ती म्हणाली. "दुखना गेला की हाताक चुकल्यासारखा वाटात काय?"

"वाटात तरी वाटांदे," मी म्हणालो. ती थोडी हसली. घाट संपेपर्यंत आम्ही दोघं त्या ढगातच होतो.

ऑपरेशन तासाभराचं. हात तेवढा बधिर करतात, माणूस जागा असतो. नख उचलून बाजूला घ्यायचं, खालची गाठ काढायची आणि तेच नख परत वर बसवून टाक्यानं धरायचं, नवं नख येईतो झाकण म्हणून. मी बाहेर बाकावर बसलो होतो. पहाटे उठल्यामुळे डोळे मिटत होते. डुलकीत मला शाळेचा फळा दिसला, आणि त्यावर मी लिहिलेलं एकेक वाक्य ती ओल्या हातानं पुसत होती. मी म्हणत होतो, राहू दे, हात गार पडतील. तेवढ्यात सर्जननी हाक मारली. त्यांच्या हातात एक बाटली होती, तळाशी तांबूस मोहरी. मी ती उजेडाकडे धरली. हे एवढंसं. अकरा वर्षं. पुढे तिचा तपासणीचा कागदही आला, त्यातही साधीच गाठ निघाली.

"आत काय वाटला?" मी तिला नंतर विचारलं.

"माका वाटला, कोणतरी माझ्या बोटावर कलम बांधता," ती म्हणाली. "आणि बरा बांधता."

टाके काढून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी मी खिडकीतून बघितलं तर ती विहिरीवर होती. तिनं कळशी ओढली, कठड्यावर ठेवली, इकडेतिकडे बघितलं आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. काढला नाही. किती वेळ. पाणी शांत झालं असेल, कारण ती आत वाकून बघत होती. मला वाटलं, आता हाक मारेल, सांगेल. तिनं हात पुसला, कळशी कमरेला लावली, आत आली आणि विचारलं, "चाय ठेवू?" मला इतकं वाईट वाटलं की मी नको म्हणालो.

तेव्हा मला कळलं की बोट बरं झालं पण तिचं सांगणं मला परत मिळालेलं नाही. मी ठरवलं, यापुढे कोट्या बंद. आणि रोज विचारायचं. सकाळी विचारायचो, "कसा आसा?" ती म्हणायची, "बरा आसा." संध्याकाळी विचारायचो, "कायव दुखता?" "नाय." गुडघे? नाय. पाठ? नाय. डोका? "नाय हो!" एकदा तिनं मला दरडावलंच, "तुमी डॉक्टर आसात?" जुनं नख गळून पडलं. नवं मुळाशी उगवलं, तांदळाच्या कणीसारखं पातळ, आणि महिन्याला जेमतेम रेघभर पुढे सरकत राहिलं. मी दर रविवारी बघायचो. गणपती गेले, भात कापून झालं, नख अर्ध्यावर आलं. घरात मी इतका गप्प झालो की एक दिवस ती म्हणाली, "तुमी आजारी आसात काय? कायच बोलणास नाय." मग एकदा चुकून माझ्या तोंडून कोटी गेली, भोपळ्याच्या भाजीवरून, अगदी सुमार, आणि ती पोट धरून हसली. तिला माझ्या कोट्यांचा कधी कंटाळा नव्हताच. कुठे करायच्या आणि कुठे नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं.

या जानेवारीत नख पुरं आलं. रेघ नाही, निळसर काही नाही. दुपारी ती झोपली की दोन्ही हात पोटावर असतात. ते वर उभं बोट मला दिसत नाही आणि खरं सांगायचं तर कधी कधी मला त्याची आठवण येते. हे तिला मी सांगितलेलं नाही.

परवा तिसऱ्या प्रहरी मी पडवीत वह्या तपासत होतो. वारा नुकताच वळला होता, डोळ्यांवर गुंगी होती. ती आतून आली, डाव्या कानावर तळहात धरून, आणि माझ्यासमोर पायरीवर बसली.

"ह्या कानात कायतरी दडपल्यासारखा वाटता हो," ती म्हणाली. "आणि वाईच दुखता पण."

कानावर मराठीत किती वाक्प्रचार आहेत ते मी सांगायला नको. सगळेच्या सगळे माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. मी वही मिटली, पेन खाली ठेवला.

"कदीपासना?" मी विचारलं.

"आज सकाळपासना," ती म्हणाली.